नावाला घर हवे
संगणकाच्या भाषेतील नेमस्पेसविषयी दोन शब्द

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाविषयी व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. कोणता कोर्स करावा, फी किती, नोकरी कोठे मिळेल. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांची उत्तरे दर दोन वर्षांनी बदलतात. म्हणून आज मी अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, जी गेल्या अनेक वर्षांत बदललेली नाही आणि जी समजल्यावाचून कोणालाही चांगला प्रोग्राम लिहिता येत नाही. ही गोष्ट म्हणजे नावे ठेवण्याची व्यवस्था. संगणकाच्या भाषेत तिला 'नेमस्पेस' म्हणतात. आपण तिला 'नावांचे घर' म्हणू.

शब्द इंग्रजी असला तरी त्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही, हे प्रथम दाखवितो.

आपल्या शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. समजा, आठवी 'अ' मध्ये एक इम्रान आहे आणि आठवी 'ब' मध्येही एक इम्रान आहे. बाई 'अ' च्या वर्गात जाऊन "इम्रान, उभा राहा" म्हणतात तेव्हा कसलाही घोटाळा होत नाही. परंतु मुख्याध्यापकांनी कार्यालयातून "इम्रानला बोलवा" एवढाच निरोप पाठविला, तर दोघेही दारात येऊन उभे राहतील. तेथे "आठवी 'ब' चा इम्रान" असेच म्हणावे लागते. एकाच वर्गात दोन इम्रान निघाले तर आपण वडिलांचे नाव जोडतो. तेही सारखे निघाले तर आडनाव पाहतो. कोकणात गावावरून पडलेली आडनावे हेच काम करतात.

यात तीन नियम दडलेले आहेत. घराच्या आत लहान नाव पुरते. घराबाहेर पूर्ण पत्ता सांगावा लागतो. आणि घरे वेगळी असतील तर एकच नाव दोघांनी ठेवण्यास हरकत नाही. नेमस्पेस म्हणजे हे तीन नियम, याहून अधिक काही नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक असतो व तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही येतो. समजा तुमच्या मुलीचा क्रमांक १०४५ आहे. शेजारच्या गावातील शाळेतही १०४५ क्रमांकाचा कोणी विद्यार्थी असेलच. तरीही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक शाळेला स्वतःचा ११ अंकी यूडायस क्रमांक आहे. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, नंतरचे तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातील शाळेचे. घरात घर, त्या घरात पुन्हा घर. या रचनेतील सोय अशी की, आपल्या शाळेने मुलाला क्रमांक देताना राज्यातील इतर शाळांना विचारावे लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या घरात क्रमांक दुबार होऊ दिला नाही की संपूर्ण पत्ता आपोआप एकमेव होतो.

आता संगणकाकडे वळू.

प्रोग्राम लिहिताना आपण वस्तूंना आणि कामांना नावे देतो. गुणांची बेरीज साठवायची असेल तर तिला 'एकूण' म्हणतो, टक्केवारी काढणाऱ्या कामाला 'टक्केवारी' म्हणतो. अशा नावाला आयडेंटिफायर म्हणतात. संगणकाला या नावाचा अर्थ कळत नाही. 'टक्केवारी' ऐवजी 'टोपली' असे नाव दिले तरी हिशेब बरोबरच येईल. संगणक फक्त एवढेच पाहतो की हे नाव कोणत्या वस्तूकडे बोट दाखविते. नावातील अर्थ हा वाचणाऱ्या माणसासाठी असतो.

लहान प्रोग्रामात दहा-बारा नावे असतात, ती लक्षात राहतात. परंतु मोठे प्रोग्राम लाखो ओळींचे असतात आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी ते लिहिलेले असतात. एकाने परीक्षेच्या गुणांच्या बेरजेला 'एकूण' म्हटले, दुसऱ्याने फीच्या रकमेला 'एकूण' म्हटले. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु साऱ्या नावांची एकच सामाईक वही असेल, तर एकाचे 'एकूण' दुसऱ्याच्या 'एकूण' वर लिहिले जाईल आणि विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर फीचा आकडा छापून येईल.

ही केवळ कल्पना नव्हे. 'सी' ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली. आजही अनेक यंत्रांच्या अंतरंगात ती काम करते. या भाषेत नावांच्या घरांची सोय नाही. निरनिराळ्या फायलींतून सर्वांना दिसणारी नावे अखेर एकाच मैदानात येतात. त्यातच १९८९ च्या प्रमाणित नियमांनुसार अशा नावांची केवळ पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी होती. 'स्टुडंटनेम' आणि 'स्टुडंटमार्क' या नावांची पहिली सहा रोमन अक्षरे सारखीच आहेत. त्यामुळे काही यंत्रांवर ही दोन्ही नावे एकच ठरण्याचा धोका होता. १९९९ च्या नियमांत ही मर्यादा ३१ अक्षरांपर्यंत वाढविण्यात आली.

मग सी भाषेतील लोकांनी काय केले? आपण करतो तेच. त्यांनी आडनाव लावले. 'एसक्यूलाइट' या माहिती साठविणाऱ्या सुप्रसिद्ध प्रणालीत बाहेरच्यांनी वापरावयाच्या प्रत्येक कामाच्या नावाआधी 'एसक्यूलाइट३' आणि त्यापुढे एक अधोरेषा लावलेली असते. हा शिस्तीचा मार्ग झाला. तो चालतो, पण तो माणसाच्या भरवशावर चालतो. कोणी आडनाव लावायचे विसरला तर भाषा त्याला अडवत नाही.

पुढच्या भाषांनी ही शिस्त स्वतःच्या व्याकरणात घेतली. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या 'सी प्लस प्लस' या भाषेत नेमस्पेस हाच शब्द घर बांधण्यासाठी ठेवला गेला आणि १९९८ च्या प्रमाणित आवृत्तीत तो कायम झाला. भाषेबरोबर येणारे तयार साहित्य 'एसटीडी' नावाच्या घरात ठेवलेले असते. घराचे नाव, मग लागोपाठ दोन कोलन, मग वस्तूचे नाव, असा तेथे पत्ता लिहितात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केलेल्या 'जावा' भाषेत घराला पॅकेज म्हणतात. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'पायथन' भाषेत प्रत्येक फाइल हेच एक घर असते आणि तिला मॉड्यूल म्हणतात. या दोन्ही भाषांत घर आणि वस्तू यांच्यामध्ये एक टिंब देतात. चिन्हे वेगळी, कल्पना तीच.

आज बहुतेक विद्यार्थी सुरुवात पायथनपासून करतात, म्हणून या घराच्या आत नाव कसे शोधले जाते ते थोडे पाहू.

फाइल हे घर मानले तर त्यातील प्रत्येक फंक्शन ही एक खोली आहे. खोलीत एखादे नाव उच्चारले की पायथन ते प्रथम त्याच खोलीत शोधतो. तेथे नसेल आणि ती खोली दुसऱ्या खोलीच्या आत असेल, तर त्या बाहेरच्या खोलीत पाहतो. तेथेही नसेल तर घराच्या ओटीवर, म्हणजे फाइलमध्ये पाहतो. शेवटी भाषेने जन्मतःच दिलेल्या नावांच्या साठ्यात पाहतो. चारही ठिकाणी सापडले नाही तर थांबतो आणि असे नाव ठाऊक नाही म्हणून स्पष्ट सांगतो.

याचा परिणाम ध्यानात घ्या. फाइलमध्ये 'एकूण' हे ५०० आहे. एका फंक्शनच्या आत तुम्ही 'एकूण' ला ८० केले. बाहेर येऊन पाहिले तर 'एकूण' अजून ५०० च आहे. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते, संगणक चुकला. संगणक चुकलेला नाही. आतल्या खोलीत त्याच नावाची दुसरी वस्तू तयार झाली आणि खोलीचे काम संपताच ती गेली. ओटीवरच्या वस्तूला हात लागला नाही. मुद्दाम सांगितल्याशिवाय आतल्याने बाहेरचे बदलू नये, हे या व्यवस्थेने दिलेले संरक्षण आहे. असे नसते तर दहा माणसांनी मिळून एक प्रोग्राम लिहिणे अशक्य झाले असते.

आता हे संरक्षण आपणच कसे घालवतो तेही पाहू. पायथनबरोबर गणिताची दोन घरे येतात. एक 'मॅथ', दुसरे 'सीमॅथ'. दोन्हींत वर्गमूळ काढणारे फंक्शन आहे आणि दोन्हींत त्याचे नाव एकच, 'एस क्यू आर टी'. परंतु स्वभाव भिन्न. 'मॅथ' मधील फंक्शनला उणे एकचे वर्गमूळ विचारले तर ते चूक दाखवून थांबते, कारण ते फक्त वास्तव संख्या जाणते. 'सीमॅथ' मधील फंक्शन त्याच प्रश्नाला काल्पनिक संख्येत उत्तर देते. घराच्या नावासकट बोलावले तर दोघे सुखाने नांदतात. पण पायथनमध्ये एक तारांकित चिन्ह आहे. ते लावले की त्या घरातील सर्वच नावे पत्त्याशिवाय आपल्या ओटीवर येऊन बसतात. दोन्ही घरांना हे चिन्ह लावले, तर नंतर आलेला आधीच्याला न विचारता बाजूला सारतो. पायथन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन ओळींचा क्रम बदलला की त्याच प्रोग्रामचे उत्तर बदलते.

जावाने याबाबत अधिक सावध धोरण ठेवले, आणि त्याचा अनुभव १९९८ साली आला. जावात पडद्यावरील यादी दाखविण्यासाठी 'लिस्ट' नावाची एक वस्तू 'जावा.एडब्ल्यूटी' या घरात पहिल्यापासून होती. त्या वर्षी आलेल्या १.२ आवृत्तीत माहिती ओळीने ठेवण्यासाठी दुसरी 'लिस्ट' 'जावा.युटिल' या घरात आली. ज्यांनी दोन्ही घरांतील सारी नावे सरसकट उघडून ठेवली होती आणि नुसते 'लिस्ट' लिहिले होते, त्यांचे काल चालणारे प्रोग्राम नव्या आवृत्तीत भाषांतरितच होईनात. कोणती लिस्ट म्हणता, असा खुलासा जावा मागू लागली. काम अडले, पण चुकीची वस्तू गुपचूप वापरली गेली नाही. ज्यांनी प्रथमपासून पूर्ण पत्ता दिला होता त्यांना काहीच करावे लागले नाही.

येथवर आपण घरांच्या आतील व्यवहार पाहिला. परंतु खुद्द घराचे नाव कोणी ठरवायचे? दोघांनी घरालाच एक नाव दिले तर?

जावाने यासाठी सोपी युक्ती काढली. इंटरनेटवर प्रत्येक संस्थेचा नोंदविलेला पत्ता एकमेव असतो. तो उलटा करून घराचे नाव म्हणून वापरावा, असा तेथे प्रघात आहे. म्हणून अनेक घरांची नावे 'कॉम' किंवा 'ओआरजी' पासून सुरू होतात. मघाशी सांगितलेल्या यूडायस क्रमांकाप्रमाणेच येथेही मोठे घर आधी, लहान घर नंतर.

सर्वत्र मात्र असे झाले नाही. जावास्क्रिप्ट या भाषेचे तयार साहित्य 'एनपीएम' नावाच्या सार्वजनिक भांडारातून घेतले जाते. तेथे दीर्घकाळ नावांची एकच सपाट यादी होती आणि जो प्रथम येईल त्याला नाव मिळे. अझर कोचुलू या प्रोग्रामरने 'किक' नावाचे एक साहित्य तेथे ठेवले होते. त्याच नावाच्या एका कंपनीने त्या नावावर हक्क सांगितला. भांडाराच्या चालकांनी नाव कंपनीकडे दिले. संतापून कोचुलूंनी २२ मार्च २०१६ रोजी आपली सर्व, म्हणजे २७३, साहित्ये काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक फंक्शन होते. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु हजारो प्रोग्राम कळत-नकळत त्यावर उभे होते. ते एकाएकी तयार होईनात. सुमारे दोन तासांत चालकांना ते फंक्शन पुन्हा जागेवर आणावे लागले. भांडण एका नावाचे, आणि खोळंबा जगभरच्या लोकांचा. वास्तविक मालकाच्या नावाचे घर आधी लावून पत्ता देण्याची सोय त्या भांडारात तोवर आलेली होती, परंतु जुनी सपाट यादीही चालूच होती. दोघांचीही 'किक' आपापल्या घरात राहिली असती तर भांडणाला कारणच उरले नसते.

दुसरी घटना फेब्रुवारी २०२१ मधील. अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्या स्वतःच्या वापरासाठी काही खासगी साहित्य तयार करतात व त्याला साधी नावे देतात. ती नावे या ना त्या मार्गाने बाहेर समजत. बिरसान यांनी त्याच नावांचे निरुपद्रवी साहित्य सार्वजनिक भांडारात ठेवले आणि त्याला वरचा आवृत्ती क्रमांक दिला. कंपन्यांच्या संगणकांनी नाव तेच आणि आवृत्ती नवी पाहून घरचे सोडून बाहेरचे आत घेतले. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासह ३५ हून अधिक संस्थांमध्ये हा शिरकाव झाला. त्यांनी हे दोष दाखवून देण्यासाठी केले होते आणि त्याबद्दल त्यांना एकूण १ लाख ३० हजार डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. परंतु त्यांच्या जागी दुष्ट हेतूचा माणूस असता तर? दारावर केवळ "मी इम्रान" असे सांगणाऱ्याला आत घेतले, कोणत्या घरचा हे विचारलेच नाही. सारा दोष एवढाच होता.

बंधु-भगिनींनो, या दोन घटना मी भीती घालण्यासाठी सांगितल्या नाहीत. त्यांवरून एक गोष्ट आपल्या लक्षात यावी. प्रोग्रामिंग म्हणजे अवघड गणित किंवा अस्खलित इंग्रजी, असा समज आपल्या घराघरांत आहे. त्यापायी मराठी किंवा उर्दू माध्यमातील हुशार मुले, आणि विशेषतः मुली, या वाटेला जातच नाहीत. परंतु जेथे एवढ्या मोठ्या कंपन्या अडखळल्या तेथे इंग्रजी कमी पडले नव्हते. कमी पडली ती कोणाचे काय, कोठे ठेवले, आणि कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची याची टापटीप. धान्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी गृहिणी आणि खतावणी नीट ठेवणारा दुकानदार यांच्यापाशी ही टापटीप असते. ती आपल्या मुलांना घरातूनच मिळू शकते.

इंग्रजीच्या भीतीविषयी आणखी एक सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून आपण ठेवायची नावे देवनागरीत किंवा उर्दू लिपीतही लिहिता येतात. 'गुण' हे नाव देवनागरीत लिहिलेत तर पायथन ते बिनतक्रार घेतो. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द इंग्रजी आहेत, पण ते ३५ च आहेत. सातवीतील मुलगा एवढे शब्द आठवड्यात पाठ करील. पुढे दूरदूरच्या लोकांबरोबर काम करताना सर्वांना वाचता येतील अशी रोमन लिपीतील नावेच ठेवावी लागतात, हे खरे. परंतु कल्पना समजून घेण्याच्या पहिल्या वर्षात आपल्या भाषेतील नाव मनाला धीर देते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी चार व्यवहारातील सूचना.

पहिली सूचना. नावात अर्थ ठेवा. 'अ', 'ब', 'क्ष' अशी नावे ठेवाल तर महिन्याने तुमचाच प्रोग्राम तुम्हाला परका वाटेल. आणि 'बेरीज' नावाच्या फंक्शनने गुणाकार केला तर 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होते.

दुसरी. भाषेने आधीच दिलेली नावे बळकावू नका. पायथनमध्ये 'सम' हे बेरीज करणारे तयार फंक्शन आहे. तुम्ही स्वतःच्या एखाद्या संख्येला 'सम' म्हटलेत तर तुमचे नाव आधी सापडेल आणि मूळचे झाकले जाईल. पुढे बेरीज करायला जाल तेव्हा ही तर नुसती संख्या आहे, तिला काम सांगता येत नाही, अशा अर्थाची तक्रार येईल.

तिसरी. तयार घराचे नाव आपल्या फाइलला देऊ नका. यदृच्छ संख्या देणारे 'रँडम' नावाचे घर पायथनमध्ये आहे. त्याचा सराव करताना मुले आपल्या फाइललाही 'रँडम' हेच नाव देतात. पायथन तयार घर शोधण्याआधी तुमच्या फाइलजवळ पाहतो, तेथे 'रँडम' सापडते, आणि प्रोग्राम स्वतःलाच बोलावू लागतो. पुष्कळ मुले अशा वेळी निराश होऊन संगणक बंद करतात. फाइलचे नाव बदलणे एवढाच त्यावर उपाय असतो.

चौथी. तारांकित चिन्हाचा मोह टाळा. लागेल तेवढेच नाव आणा किंवा घराच्या नावासकट हाक मारा. दोन अक्षरे जास्त टंकावी लागतील, पण चूक शोधण्यात जाणारी संध्याकाळ वाचेल.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी थांबून राहण्याचे कारण नाही. एका कोऱ्या कागदावर मोठा चौकोन काढा, ती फाइल. आत लहान चौकोन काढा, ती फंक्शने. प्रत्येक चौकोनात नावे आणि त्यांच्या किमती पेन्सिलीने लिहा. मग पुस्तकातील प्रोग्रामच्या एकेक ओळीवर बोट ठेवा आणि कोणत्या चौकोनातील कोणती किंमत बदलते ते खोडून लिहीत जा. ज्याला कागदावर हे जमले, त्याला संगणकापुढे बसल्यावर फार काळ अडणार नाही.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. नेमस्पेसमुळे एका नावाच्या दोन वस्तू वेगळ्या ठेवता येतात. परंतु एकाच वस्तूची दोन नावे झाली तर ही व्यवस्था आपल्याला वाचवू शकत नाही. मराठीत आपण 'शेख' एकच लिहितो. रोमन लिपीत मात्र ते कोणी 'ए-आय' ने लिहितो, कोणी 'ई-आय' ने, तर कोणी नुसत्या 'ई' ने. आपल्या कानाला तिन्ही एकच. संगणकाला ती तीन निरनिराळी नावे आहेत, कारण तो अक्षरामागून अक्षर जुळवून पाहतो. मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या खात्यात तिसरे असेल, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी तो एकच मुलगा आहे हे सिद्ध करण्यात तुमचे दिवस जातात, खेटे पडतात, कधी मुदतही टळते. म्हणून आपल्या प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव रोमन लिपीत कसे लिहायचे ते घरात बसून एकदाच ठरवा. कागदावर लिहून दाखल्यांच्या फाइलीत वर लावा आणि प्रत्येक अर्ज त्यावरून भरा. शाळेत नाव घालतानाच ते तपासून घ्या, कारण मुलगा शाळा सोडून गेल्यावर दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते. मुलीच्या बाबतीत लग्नानंतर नाव बदलण्याचा निर्णय घेताना तिची प्रमाणपत्रे कोणत्या नावाची आहेत याचाही विचार व्हावा.

नाव ठेवणे हे आपल्याकडे जबाबदारीचे काम मानतात. मूल जन्मले की घरातील वडीलधारी माणसे विचार करून नाव निवडतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही तेवढ्याच विचाराने नाव निवडावे, त्याला योग्य घर द्यावे आणि दुसऱ्याच्या घरातील नावाचा मान ठेवावा. आपल्या संस्थेच्या संगणक कक्षात बसणाऱ्या मुला-मुलींनी हा पहिला धडा पक्का केला, तर पुढे भाषा कोणतीही येवो, त्यांचे अडणार नाही.